टाकीत न आलेले दूध

शालनकाकू,

काल तुमची शोकसभा झाली. आपल्याच दूध प्रकल्पाच्या अंगणात, बॉयलर थंड ठेवून. दूध मोजायच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून तुमचा फोटो ठेवला होता. गावातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, “काकूनी उभ्या आयुष्यात भेदभाव केला न्हाय. दाखला पायजे असंल तर ही समोर बसलीय. बौद्धवाड्यातली पोरगी, आज अख्खा प्रकल्प हिच्या हातात हाय.” सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मला बोलायला बोलावले. मी बसल्या जागी हात जोडले आणि उठले नाही. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटले, मला हुंदका आवरत नाही.

हुंदका नव्हता. ज्या वाक्याचा दाखला म्हणून मला दाखवले जात होते, ते वाक्य खरे नाही, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. प्रकल्पाच्या टाकीत सगळ्या गावाचे दूध जाते. माझ्या आईचे जात नाही. तो प्रकल्प मी उभारला, आणि ते दूध तुम्ही थांबवले. जे तिथे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. तुम्ही आता उत्तर देऊ शकत नाही, म्हणून हे लिहिणे मला थोडे अन्यायाचे वाटते. पण या एका प्रश्नाचे उत्तर तुम्ही जिवंतपणीही दिले नव्हते, त्यामुळे परिस्थितीत फार बदल झालेला नाही.

मी शाळेत होते तेव्हा तुमची खव्याची भट्टी म्हणजे पत्र्याच्या लांब शेडमधली मातीच्या चुलींची रांग होती. प्रत्येक घराची कढई वेगळी. दूध आणायचे, आपल्या हाताने आटवायचे, निघेल तो खवा तुम्ही घ्यायचा. कोणी दुधात पाणी घातले तर दुसऱ्या कोणी बोलायची गरज नसे, कढईच्या तळाशी उरलेला गोळा पाहून तुम्ही नुसते “आज म्हैस नदीत उभी राहून पिळली काय?” असे विचारायचात आणि अख्खी रांग हसायची. या पद्धतीत कोणाचे दूध कोणाच्या दुधात जात नसे. मला त्यात काही वावगे दिसत नसे. सगळ्यांचेच वेगळे होते, त्यात आमचेही वेगळे. आमची कढई रांगेत सगळ्यात शेवटची होती, एवढेच. कोणाची तरी शेवटची असणारच, असे मी समजत होते.

पुढे ज्याला मी उष्णता विनिमयक म्हणायला शिकले, म्हणजे आपल्या प्रकल्पात सगळे ज्याला एक्स्चेंजर म्हणतात, तो मुळात तिथेच होता. खाली जाळ, वर दूध, मध्ये लोखंडी पत्रा. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, मधल्या भिंतीतून जाते आणि दोन बाजूंचे पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत. बाकीचे शास्त्र हे एवढ्याचेच बारकावे आहेत: भिंत किती पातळ, तिचे क्षेत्रफळ किती, दोन्ही बाजूंच्या तापमानात अंतर किती, आणि भिंतीला चिकटून असलेला थर स्थिर आहे की घुसळला जातो आहे. आई लांब दांड्याच्या उलथण्याने तळ खरवडत राहायची, ती हा शेवटचा हिशेब सांभाळत होती. जाळाची बरीचशी उष्णता मात्र कढईच्या कडेने निसटून छपराला लागायची, आणि धूर तिच्या डोळ्यांत जायचा.

त्या शेडमध्ये दूध आटेपर्यंत मी पोत्यावर बसून गणिते सोडवायची. बारावीचा निकाल लागल्यावर आईने मला जवळच काहीतरी शिकवायचे ठरवले होते. बाबा उमरग्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांचेही मत तेच. तुम्ही भट्टीवर सगळ्यांदेखत आईला म्हणालात, “कमल, ह्या पोरीला चुलीपुढं बसिवलीस तर तुला माझ्या भट्टीवर पाय ठिवू देणार न्हाय.” आई हसली आणि ऐकले. मला येरमाळ्याच्या स्टँडवर सोडायला तुम्ही दुधाच्या टेम्पोत माझ्या शेजारी बसून आलात. चढावर टेम्पो तापला, चालकाने रेडिएटरचे झाकण उघडले, वाफेचा लोट आला आणि तुम्ही मला म्हणालात, “तू ह्येच शिकायला चाललीस न्हवं? मग आल्यावर सांग, ह्यो का रुसतो ते.” हे मी विसरलेले नाही. हे लिहिताना मला कंजूषपणा करायचा नाही. तुम्ही नसतात तर मी इंजिनिअर झाले नसते. कडवटपणाची अडचणच ही आहे की त्याला कृतज्ञतेतून वाट काढावी लागते.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी आले आणि तुम्हाला सांगितले, तो का रुसतो. इंजिनाचे तापलेले पाणी बारीक नळ्यांतून जाते, नळ्यांना पातळ पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात, आणि वारा त्यांच्यातून आडवा जातो. पाणी एका दिशेने, हवा तिला काटकोनात. हा आडव्या प्रवाहाचा प्रकार. हवा उष्णता सहजासहजी घेत नाही, म्हणून पट्ट्या लावून तिच्यासाठी क्षेत्रफळ वाढवावे लागते. त्या पट्ट्यांत कडब्याची कुसळे अडकली की वारा थांबतो. तुम्ही त्याच दिवशी टेम्पोच्या चालकाला बोलावून ब्रशने पट्ट्या साफ करायला लावल्या आणि त्याला म्हणालात, “बघ, कॉलेजात ह्ये शिकिवत्यात. तुला फुकट मिळालं.”

मग मी अंगणात एकात एक नळी घालून दाखवली होती, आठवते? आतल्या तांब्याच्या नळीतून गरम पाणी, बाहेरच्या जाड नळीतून गार. आधी दोन्ही एकाच दिशेने सोडले. गार पाणी कोमट झाले आणि तिथेच थांबले, कारण दोघे बरोबर चालत गेले की शेवटी दोघांचे तापमान जवळ येते आणि देण्याघेण्यासारखे अंतर उरत नाही. मग मी गार पाण्याची दिशा उलटी केली. आता गार पाणी बाहेर पडताना नुकत्याच आत शिरणाऱ्या सगळ्यात गरम पाण्याला भेटत होते; सगळ्या लांबीभर अंतर टिकून राहिले आणि ते आधीपेक्षा बरेच तापून बाहेर आले. तुम्ही दोन्ही बादल्यांत हात घालून पाहिलात. “समोरासमोर आलं की जास्त घेतंय. नवराबायकोच्या भांडणागत.” मी हसले. मग तुम्ही नळीवर बोट ठेवून विचारलेत, “पर ह्ये पाणी त्या पाण्याला शिवत न्हाय?”

“नाही काकू. मध्ये भिंत आहे.”

“ऊब तेवढी जाती.”

“हो.”

“बेस हाय. शिवत न्हाय आन ऊब तर जाती.”

आमच्या प्राध्यापकांना जे सांगायला एक तासिका लागली, ते तुम्ही एका वाक्यात बसवलेत. वसतिगृहात मी ते वाक्य सगळ्यांना कौतुकाने सांगितले होते. यंत्रांवरून माणसांच्या उपमा काढणे मला आवडत नाही. पोलादाला मत नसते, आणि ते कोणाचे दूध वाहते आहे याची चौकशी करत नाही. पण हे वाक्य मी रचलेले नाही. ते तुमचे आहे, आणि तुम्हाला ते पसंत पडले होते.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तुमचा फोन आला. पुण्यात मी दुसऱ्यांच्या दुधासाठी यंत्रे आखत होते. तुम्ही म्हणालात, “आमचं दूध चुलीवर करपतंय आन तू शिकून तिकडं कुणाची कढई घासतीस?” तुमच्या मुलाला, बालाजीदादांना, भट्टीच्या जागी प्रकल्प काढायचा होता, आखणी मी करावी, असा तुमचा हट्ट होता. माझा स्वार्थ मी लपवत नाही. तिथे मी एका मोठ्या आराखड्याच्या कोपऱ्यातली सही होते. इथे सगळा आराखडा माझा होणार होता. मी आले.

त्या दिवसांत आपण खूप भांडलो आणि मला ते दिवस अजून हवेसे वाटतात. तुम्हाला सोलापूरच्या एका विक्रेत्याने नळकांड्याचा एक्स्चेंजर दाखवला होता: जाड नळकांडे, आत नळ्यांची जुडी, नळ्यांतून एक द्रव आणि नळ्यांच्या बाहेरून दुसरा. तो भारदस्त होता म्हणून तुम्हाला आवडला. मी म्हणाले, वाफ, तेल, जास्त दाब, अशा कामाला याच्यासारखा टिकाऊ दुसरा नाही. पण दूध आत चिकटले तर त्या जुडीतली प्रत्येक नळी रोज कोण धुणार? दुधाला प्लेटांचा हवा. पातळ पत्र्याच्या प्लेटा एकमेकींना लावून दाबून बसवायच्या, मधल्या फटींतून एका आड एक दूध आणि पाणी जाते. भिंत कागदासारखी, क्षेत्रफळ खोलीएवढे, आणि सगळे मावते कपाटात. हव्या तेव्हा उघडायच्या, धुवायच्या, दूध वाढले तर आणखी प्लेटा घालायच्या. तुम्ही प्लेटेवरच्या उंचवट्यांवरून हात फिरवलात. “ही रांगोळी कशाला?”

“द्रव घुसळला जावा म्हणून. सपाट भिंतीला थर चिकटून राहतो.”

“आन खवा?”

“खवा यातून नाही. घट्ट झाला की फटी बुजतील. त्याला वाफेचे कवच असलेले नळकांडे आणि आत फिरणाऱ्या पात्या. पात्या भिंत सतत खरवडत राहतील.”

“म्हंजी कमलचं उलथनं.”

“तेच. फक्त हात दुखणार नाही.”

सगळ्यात जास्त तुम्हाला पटली ती एक वेगळीच गोष्ट. प्लेटांच्या पहिल्या भागात तापवून आलेले दूध आणि नुकतेच आलेले कच्चे दूध पाठीला पाठ लावून जातात. जाणारे आपली उष्णता येणाऱ्याला देते. इंधन वाचते, आणि जाणाऱ्याला गार करायचा खर्चही वाचतो. मी सांगितले की तिथे तापवलेल्या दुधाचा दाब नेहमी कच्च्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात. प्लेटेला बारीक भोक पडलेच तर चांगले दूध कच्च्यात झिरपेल, कच्चे चांगल्यात जाणार नाही. तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. “म्हंजी आपलं भाईर गेलं तरी चालंल, भाईरचं आपल्यात यायचं न्हाय.” इतक्या पटकन ही कल्पना समजलेला विद्यार्थी मी पाहिलेला नाही. मी त्याचे श्रेय तुमच्या बुद्धीला दिले. बुद्धी होतीच. पण ती कल्पना तुमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून राहत होती, हे माझ्या ध्यानात आले नाही.

नव्या यंत्राला एका घराचे दूध चालत नाही. खव्याच्या नळकांड्यात प्रवाह अखंड हवा. तो तुटला की भिंत कोरडी पडते आणि सगळे करपते. एका घराच्या कॅनने तर नळ्याही भरत नाहीत. म्हणून सगळ्यांचे दूध एका टाकीत घेणे भाग होते. तुम्ही सभा बोलावलीत. दत्तूकाका उठून म्हणाले, “माझ्या म्हशीचं दूध ह्याच्या जर्शीच्या दुधात गेलं तर म्हैस रुसंल.” तुम्ही म्हणालात, “रुसली तर समजूत घाल. घरी सवय हाय की तुला.” हशा पिकला, विरोध विरघळला. प्रत्येक कॅनची तपासणी करून ज्याच्या त्याच्या दुधाचा कस ठरवायचा, असे मी समजावले आणि सगळ्यांनी मान्य केले. पिढ्यान्‌पिढ्यांची वेगळ्या कढईची पद्धत तुम्ही एका दुपारी मोडलीत. त्या दिवशी मला तुमच्याइतके मोठे कोणी वाटले नव्हते. आई घरी येताना म्हणाली, “आता आपलं बी टाकीतच.” ती हे सहज म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी तिने नवा कॅन आणला.

प्रकल्प सुरू करायच्या दिवशी शेडमधल्या चुली पाडल्या होत्या. एक सोडून. शेवटची. मला वाटले, कामगारांची राहून गेली. आई नवा कॅन घेऊन टाकीपाशी रांगेत उभी होती. तुम्ही जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवलात, अगदी मायेने, आणि म्हणालात, “कमल, तुझी चूल ठिवलीय बग. तुला सवय हाय तिची.” आईने क्षणभर टाकीकडे पाहिले आणि रांगेतून बाहेर पडली. मी त्या वेळी दाबमापकासमोर उभी होते. प्रवाह सुरू झाला होता, बाहेर पडणाऱ्या दुधाचे तापमान अचूक येत होते, बालाजीदादा टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी मी तुमच्या ओसरीवर आले.

“काकू, आईचा कॅन का थांबवला?”

“थांबिवला कुठं. चूल दिलीय की.”

“सवय सगळ्यांनाच होती. चूल एकटीलाच का?”

तुम्ही सुपारी कातरत होतात, ती कातरत राहिलात. “देवीला पयला खवा जायचाय पोरी. येरमाळ्याला, पौर्णिमेला. तेवढा नैवेद्य होऊ दे, मग बघू.”

“मी तुमच्या घरात जेवते.”

“जेवतीसच की. माझं काय न्हाय गं. म्या कवा तुला येगळं ताट दिलं? पर देवाचं असतंय. आन लोक दूध बंद करतील.”

“कोण? नावं सांगा.”

“नावं कशाला घ्याची.”

मी घेतली. “दत्तूकाका?” “त्यो न्हाय.” “सरपंच?” “त्यो तर अजिबात न्हाय.” मी घराघराने पुढे गेले आणि तुम्ही प्रत्येकाला न्हाय म्हणत गेलात, प्रामाणिकपणे, कारण तुम्ही खोटे बोलत नव्हतात. यादी संपली.

“मग उरलं कोण, काकू?”

“तू लई शिकलीस,” तुम्ही म्हणालात.

मी आणखी एकच विचारले. दूध तापते त्या भिंतीवर दुधातलीच प्रथिने आणि क्षार बसतात. थर वाढला की उष्णता अडते, आणि चालवणारा वाफ वाढवत जातो. म्हणून रोज काम संपल्यावर कॉस्टिक सोडा आणि आम्लाने सगळे धुवावे लागते, आणि ठरावीक दिवसांनी प्लेटा उघडून हाताने घासाव्या लागतात. ते काम तुम्ही आईला दिले होते. “प्लेटा कोण धुणार आहे, काकू?” तुम्ही लगेच म्हणालात, “धुतल्यावर पाणी सोडतोच की वरनं.” हे तुम्ही रागाने म्हणाला नाहीत. शंकेचे निरसन करावे तसे म्हणालात. रागाने म्हणाला असतात तर मी भांडले असते. मी चपला घालून ओसरी उतरले.

पौर्णिमा झाली. नैवेद्य गेला. मी विचारले, तुम्ही म्हणालात, “बघू की.” नंतर मी दर काही दिवसांनी विचारत राहिले आणि तुम्ही दर वेळी बघू म्हणत राहिलात, इतक्या सौम्यपणे की तिसऱ्याला वाटावे मीच छळते आहे. आई शेडमध्ये एकटी आटवत होती. तिच्या चुलीचा धूर आणि माझ्या बॉयलरचे धुराडे एकाच वाऱ्यावर वाकत होते. मी काम सोडले नाही. लोकांनी त्याला निष्ठा म्हटले. तो प्रकल्प माझा होता आणि तो सोडून जावे असे कारण तुम्ही मला द्यावे, हेच मला मान्य नव्हते.

मी तुम्हाला सांगितले होते की सगळ्याच एक्स्चेंजरांना भिंत नसते. आपल्या आवारातला पाणी गार करायचा मनोरा घ्या. गरम पाणी वरून पडते, हवा खालून वर जाते, दोघे थेट भेटतात. थोडे पाणी वाफ होऊन हवेत मिसळते आणि उरलेले गार होते. तुम्हाला तो मनोरा कधीच आवडला नाही. “उघडंच हाय सगळं,” म्हणायचात. मी समजावले, या प्रकारात भिंतीचा अडथळाच नसतो. तुम्ही म्हणालात, “असंल. पर मला त्ये यंत्र वाटतच न्हाय.” आपण तेव्हा दोघीही हसलो होतो.

शेवटचे भेटले तेव्हा तुम्ही ओसरीवरच्या खाटेवर होतात. हात इतका हलका झाला होता की धरताना मला भीती वाटली. तुम्ही विचारलेत, यंत्र नीट चालते का. मी म्हणाले, चालते. मग तुम्ही थांबलात आणि स्वतःहून विचारलेत, “कमलची चूल?” मी न विचारता तो विषय तुम्ही काढलात, म्हणून मला वाटले, आता येईल ते वाक्य. मी खाली वाकले. तुम्ही म्हणालात, “तिला म्हणावं, वाळलेली लाकडं घे. धूर लई होतोय. डोळं जातील तिचं.”

हेच शेवटचे. मी त्याचे खूप विश्लेषण केले आहे. ते प्रेम होते, यात शंका नाही. तुम्हाला तिच्या डोळ्यांची काळजी होती, ती मरणाच्या दारातही होती. फक्त चूल विझवायची आणि कॅन टाकीत ओतायचा, हा सोपा उपाय तुम्हाला सुचला नाही. किंवा सुचला आणि तुम्ही तो बाजूला ठेवलात. यांतले कोणते, हे मला आता कधीच कळणार नाही. माझा राग तुमच्या श्रद्धेवर कमी आणि या अनिश्चिततेवर जास्त आहे. आणि तरीही तापमान दिवसभर स्थिर राहिले की तुम्हाला सांगावे म्हणून माझा हात फोनकडे जातो. हेही लिहून ठेवते, नाहीतर वरचे सगळे अर्धे राहील.

शोकसभा संपल्यावर बालाजीदादा माझ्याकडे आले. खुर्च्या उचलल्या जात होत्या. म्हणाले, “प्रज्ञा, उद्यापासनं कमलमावशीचा कॅन टाकीत घे. आईची अडचण होती, माझी न्हाय.” त्यांना वाटले, मी आभार मानीन. मी विचारले, “इतके दिवस का नाही सांगितले?” ते म्हणाले, “आईच्या म्होरं कोण बोलणार?” ते प्रामाणिक होते. ज्या गोष्टीसाठी मी इतके झगडले ती खुर्च्या आवरता आवरता मिळाली, आणि कोणीही दूध बंद करणार नव्हते.

घरी जाऊन आईला सांगितले. ती तुमच्यासाठी रडून आली होती, खरीखुरी रडली होती. डोळे सुजले होते. ती म्हणाली, “शालनवैनी म्हणली व्हती का असं? जायच्या आदी?”

“नाही.”

“तुला काय बोलली न्हाय?”

मी लाकडांचे सांगितले. तिने सुजलेले डोळे पदराने पुसले. मग म्हणाली, “मग न्हाय. माझं दूध टाकीत जायचं न्हाय.”

“आई, आता कोणाची हरकत नाही.”

“माझी हाय. ती म्हणली असती तर पळत जाऊन ओतलं असतं. ती मेल्यावर तिच्या पोरानं दार उघडलं आन म्या आत गेले, म्हंजी ती कधीच उघडणार नव्हती, ह्ये म्या मान्य केल्यागत हुतंय. सडकंवर दुसऱ्या डेअरीची गाडी येती, तिला घालते. तितं कुणी कुणाचं इचारत न्हाय.”

“आणि चूल?”

“चूल पाड म्हण त्याला. म्या काय तिची राखण करत बसू?”

मी वाद घातला नाही. तिचे म्हणणे मी तपासून पाहिले आणि त्यात चूक सापडली नाही. आज सकाळी ती कॅन घेऊन सडकेला गेली, मी प्रकल्पावर गेले. मी हा प्रकल्प सोडणार नाही, शालनकाकू. पुढच्या हंगामात आणखी प्लेटा घालायच्या आहेत आणि ते काम मीच करणार आहे. टाकीत सगळ्या गावाचे दूध आले. आमचे आले नाही. काल ते तुमच्या इच्छेने येत नव्हते, आज आईच्या इच्छेने आले नाही. तुमच्या जाण्याने आमच्या घरात झालेला फरक एवढाच आहे, आणि तो करणे तुमच्या हातात होते तेव्हा तुम्ही सुपारी कातरत राहिलात.

तुमची,
प्रज्ञा